पाडव्याची किटली

आमच्या गल्लीत दिवाळी आधी म्हशींच्या अंगावर यायची. माणसांचे नवे कपडे, पोरांचे फटाके, दारातले आकाशकंदील हे सगळं मागाहून. वसुबारसेच्या आधीच गोठ्यागोठ्यातून म्हशी भादरायला सुरुवात व्हायची, मग तेल चोळून त्यांची अंगं अशी चकचकीत करायची की दारातल्या पणतीचा उजेड पाठीवर दिसावा. शिंगांना रंग, कपाळावर मोरपिसं, गळ्यात कवड्यांचे पट्टे आणि घुंगरं. पाडव्याच्या संध्याकाळी ह्या नटलेल्या म्हशी आपापल्या मालकाच्या मोटरसायकलमागे गल्लीतून पळायच्या. परगावच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो. माझी सून पुण्याची, तीही पहिल्या वर्षी पदर तोंडाला लावून हसली होती; आता मोबाईल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभी असते. मालकानं पुढून हाळी दिली की म्हैस गर्दीला, ढोलाला, फटाक्यांना न बुजता त्याच्या मागे धावत सुटते, आणि ज्याची म्हैस चांगली पळाली त्याची कॉलर पुढच्या दिवाळीपर्यंत ताठ राहते.

मी सांगते आहे त्या वर्षी आमच्या दारात यातलं काहीच नव्हतं. गौरी-गणपती उरकल्यावर एका सकाळी आबा, म्हणजे माझे वडील, मोरीच्या धारेला बसले आणि तिथेच कलंडले. मोरी ही आमची दुभती म्हैस. हातातलं भांडं त्यांनी आधी बाजूला सरकवून ठेवलं होतं, थेंबसुद्धा सांडला नव्हता, हे शेजारची आंबूमावशी पुढे येईल त्या माणसाला सांगत होती. मला ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. मी तेव्हा दहावीत. घरात आई, मी, आणि मागच्या गोठ्यात मोरी, तिचं रेडकू आणि एक गाभण म्हैस, एवढाच आमचा संसार उरला होता.

मला रडू आलं नाही. लोक म्हणतात, धक्का बसला की असं होतं. असेल. मला आठवतं ते एवढंच की माझ्या अंगावर कुणी तरी जाडजूड घोंगडं टाकल्यासारखं झालं होतं आणि जे काही चाललं होतं ते त्या घोंगड्याच्या पलीकडे चाललं होतं. भावकीतल्या बायका गळ्यात पडून हंबरडा फोडायच्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून भिंतीवरची पाल बघत राहायची. भूक लागायची नाही, पण ताट पुढे आलं की खायची. शाळेत जायची, बाकावर बसायची, परत यायची. कुणी ‘शालू, बरं हाय न्हवं?’ विचारलं की ‘बरं हाय’ म्हणायची, आणि ते खोटंही नव्हतं. वाईट वाटायला काही तरी वाटावं लागतं.

आईचं माझ्याहून पलीकडचं. ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाण्याच्या माठाशेजारी बसायची, भिंतीला पाठ लावून, आणि दिवस मावळला की तिथेच आडवी व्हायची. आमची आई म्हणजे एरवी गल्लीच्या ह्या टोकाला बोलली तर त्या टोकाचं कुत्रं उठून बसायचं, अशी बाई. शेणघाण, वैरणकाडी, दह्याची विरजणं, रतिबाच्या घरांशी वाद घालणं, सगळं तिच्याकडे. धार मात्र तिनं कधी काढली नव्हती. आमच्यात बायका धारेला बसत नसत. दारापुढच्या दूधकट्ट्यावर, चारचौघांत, गिऱ्हाईक पेला घेऊन समोर उभं असताना म्हशीखाली बसायचं ते पुरुषानं, असा रिवाज. तेराव्याला समोरचा बाबालालचाचा दारात येऊन म्हणाला, ‘भाभी, काय बी लागलं तर सांगा, घर आपलंच समजा.’ तेव्हा आई म्हणाली, ‘कुणाचं काय बी नको.’ त्यानंतर कित्येक आठवडे तिनं एवढं लांब वाक्य उच्चारलं नाही.

भाकरी मी थापायची, जाड आणि कडेला करपलेली. आमटी कधी आळणी, कधी तोंडात घालवणार नाही इतकी तिखट. आई दोन्ही सारख्याच तोंडानं खायची. खर्डा वाटताना माझ्या हाताची आग व्हायची ती मात्र मला आवडायची. निदान काही तरी कळायचं. घरात आवाज असा नव्हताच. मोरीचं रवंथ, रेडकाच्या गळ्यातली घंटी, छपराच्या पत्र्यावर कावळ्याची नखं. आबा असताना पहाटेची जाग यायची ती धारेच्या आवाजानं. रिकाम्या किटलीत पहिली धार पडली की टणटणीत वाजायची, मग किटली भरत जाईल तसा तो आवाज जाड, फेसाळ होत जायचा, आणि शेवटी नुसती घुमघुम. डोळे न उघडता मला कळायचं, किटली कुठवर भरली ते.

किटली भरणं आता दादूतात्याकडे आलं होतं. दादूतात्या हा आबांचा दोस्त आणि वैरी. वर्षभर दोघं एकाच पेल्यातून चहा प्यायचे, पण पाडव्याच्या आठवड्यात त्यांचा अबोला असायचा, कारण कुणाची म्हैस सरस पळते हा तंटा. भाऊबीजेला तात्या आमच्याकडे फराळाला यायचा आणि पुन्हा बोलायला लागायचा. धिप्पाड गडी, मिशा पिळलेल्या, आणि कानात सांगितलं तरी पंचगंगेच्या घाटावर ऐकू जाईल असा आवाज. तेरावं झाल्यावर तो आला आणि दारातूनच म्हणाला, ‘वैनी, मोरीची धार आजपास्नं मी काढणार. कोण काय म्हणतंय बघतो.’ मग तो दोन वेळा येऊ लागला. मी रेडकू सोडायचं, मोरीच्या कासेला लावायचं, मग ओढून खुंट्याला बांधायचं आणि वैरण टाकायला जायचं. परत येईस्तोवर तात्या किटली झाकण लावून खुंटीला अडकवून गेलेला असायचा. मी हातपाय धुऊन, वेणी घालून किटली उचलायची आणि रतिबाची घरं घ्यायची.

आज विचार करते तेव्हा नवल वाटतं. गवळ्याची पोर मी, धारेच्या आवाजावर वाढलेली, आणि माझ्यापासून पाच हातांवर तात्या धारेला बसलाय पण किटली वाजत नाही हे मला कळू नये? पण नाहीच कळलं. माझे कान त्या दिवसांत बंदच होते.

मामा मलकापूरचा. आईचा थोरला भाऊ, तरी माहेरच्या सगळ्यांसारखा तिला अक्काच म्हणणारा, शेतीवाडीवाला, मनानं वाईट मुळीच नाही. तेराव्यालाच त्यानं सांगून टाकलं होतं, ‘रतीब चालू हाय तवर ऱ्हावा हितं. रतीब तुटला की जनावरं इकायची आणि माझ्याकडं यायचं. एकटी बाई आणि लग्नाची पोरगी, कोण हाय तुमचं ह्या शहरात?’ त्याचं म्हणणं सगळ्या गल्लीनं ऐकलं, कारण मामाही काही हळू बोलणाऱ्यांतला नव्हता. आईनं मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते तिलाच ठाऊक. म्हणजे मोरी दूध देईल तोवर आम्ही कोल्हापूरच्या. ती आटली की शाळा, गल्ली, घर सगळं सुटणार आणि मोरी कुणाच्या तरी दावणीला जाणार. मला कशाचंच काही वाटत नव्हतं असं मी आत्ताच लिहिलं, पण मोरीचं नाव निघालं की मी उठून तिच्याजवळ जाऊन उभी राहायची. तेवढी एकच जागा जिवंत होती.

रतीब तुटला नाही. नवरात्र गेलं, दसरा गेला, कोजागिरीला तर दुधाला एवढी मागणी की गवळ्यानं आपल्या घरच्या चहालाही काळाच घ्यावा, पण आमची किटली रोजच्या रोज पुरत होती. दिवाळी तोंडावर आली. गल्लीत म्हशी भादरून झाल्या. वर्षाच्या आत घरात सण नाही, कढई चढवायची नाही, म्हणून आमच्याकडे तळणाचा वास नव्हता. पण शेजारच्या घरांचा वास आमच्या भिंती ओलांडून यायचाच. आणि रिवाजाप्रमाणे ताटं यायला लागली. आंबूमावशीची कडबोळी, तात्याच्या घरचे बेसनाचे लाडू, बाबालालचाचाच्या बायकोनं आईकडूनच शिकलेल्या शंकरपाळ्या. दुखवट्याच्या घरातून ताट रिकामं परत गेलं तरी कुणी काही मनात आणत नाही. मी ताटं झाकून फळीवर ठेवायची. एक लाडू तोंडात घातला तो टाळूला चिकटला, आणि बराच वेळ मला कळेना की हा गोड आहे की नुसता पिठाचा. पाण्याबरोबर गिळून टाकला.

तात्या एकदा गोठ्यात घुटमळत म्हणाला, ‘शाले, मोरीची शिंगं तेवढी रंगवू काय गं? मिरवणुकीत न्हाय न्यायची. नुसती शिंगं.’ मी आत जाऊन आईला विचारलं. आईनं बोट हलवून नको म्हटलं. बाहेर येऊन सांगितलं तर तात्यानं रंगाचा डबा काखेत मारला आणि निघून गेला. जाताना मोरीच्या कपाळावर एक चापट मारली, आबा मारायचे तशी. आंबूमावशीनं मात्र कुणाला विचारलं नाही. ती पहाटे आमच्या गोठ्यातलं शेण न्यायला यायची, दुसऱ्या दिवशी वाटीत तेल घेऊन आली आणि मोरीच्या पाठीला लावून गेली. ‘मुका जीव हाय, त्येला कसला आलाय दुखवटा,’ एवढं पुटपुटली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मामा आला. आईला नवं लुगडं, मला पोलक्याचं कापड, आणि गुळाची ढेप. रात्री जेवून झोपला. पाडव्याच्या सकाळी मी वैरण टाकून, हातपाय धुऊन किटली घ्यायला गेले. खुंटीवरून उचलली आणि झाकण वर आलं. दूध माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, फरशीवर सांडलं, आणि मी ती तशीच धरून उभी राहिले. किटली काठोकाठ भरली होती. कोमट, फेसाळ, वरपर्यंत. भरलेल्या किटलीचं भ्यावं असं काही नसतं, पण मी भ्याले.

मामा दात घासत मागे उभा होता. त्यानं बघितलं आणि तोंडातली राख थुंकून म्हणाला, ‘आत्ता गं बया! एवढं दूध देतीया व्हय ही?’ मग तो मोरीभोवती फिरला, कास चाचपली, शेपटी उचलून बघितली. आई उंबऱ्यापर्यंत आली होती. सांडलेल्या दुधाकडे, मग किटलीकडे, मग मोरीकडे तिनं बघितलं. तिनं पुढे होऊन किटलीत बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि परत माठाशेजारी जाऊन बसली.

मामाच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली होती. मी वेणी घालत होते तेव्हा तो आईला समजावत होता, ‘अक्के, जनावर भरात असताना इकावं. आटल्यावर कोण दारात उभं करंल? आज पाडवा हाय. उचगावात माझा वळखीचा हाय एकजण, त्येला दुभती म्हैस पायजेच. मुहूर्ताची घेतली म्हणून खूश हुईल. भाऊबीज करून सगळी मिळून मलकापूरला जाऊ.’ मामानं सदरा चढवला आणि गेला. म्हणजे जी किटली आम्हांला त्या घरात धरून होती, तीच आता आम्हांला बाहेर काढायला निघाली होती. हे मला त्या वेळी असं शब्दांत कळलं नाही. रतीब घालून आले आणि मोरीच्या गव्हाणीशेजारी जाऊन बसले, शाळेला सुट्टी होती, दुसरं काही करायला नव्हतं.

उचगावचा पाव्हणा दुपार कलल्यावर आला. फेटेवाला, पोट सुटलेला, हसऱ्या तोंडाचा माणूस. गल्लीत तोवर जत्रा झाली होती. दारोदारी नटलेल्या म्हशी उभ्या, घुंगरांचा खुळखुळाट, हलगी तापवणाऱ्यांची ठकठक, पोरं मोटरसायकलींचे हॉर्न वाजवून बघतायत. पाव्हण्याला दारातच बाजलं टाकून दिलं. त्यानं मोरीला बाहेर काढायला लावली, दात बघितले, चाल बघितली, चहा घेतला, आणि म्हणाला, ‘म्हैस पसंत हाय. आता डोळ्यांदेखत धार काढून दावा, म्हंजी सुपारी फोडू.’ दुभतं जनावर कुणी धार बघितल्याशिवाय घेत नाही. मामानं हाक मारली, ‘ओ दादूतात्या! या जरा.’

तात्या समोरच आपल्या म्हशीच्या शिंगाला गोंडा बांधत होता. नवा पटका, कपाळाला गुलाल. त्याच्या तोंडाचा रंग गेला हे मी बघितलं. तो आला, पण पाय ओढत. ‘आज नगं पाव्हणं,’ तो म्हणाला, ‘फटाक्यांनी बुजलीया ती. उद्या या.’

‘उद्या मुहूर्त कुटला?’ पाव्हणा म्हणाला.

‘मग सांजच्याला. आत्ता तिची येळ न्हाय.’

‘सांजच व्हाय लागलीया की.’

‘गर्दी हाय किती! जनावराला बी लाज हाय का न्हाय?’ असं तात्या म्हणाला, आणि भोवतीची पोरं फिदीफिदी हसली, कारण त्याच कट्ट्यावर शेकडो लोकांत रोज धारा निघायच्या. मामाला राग यायला लागला. ‘तात्या, सकाळी किटली भरून काढलासा आणि आत्ता काय झालं? बसा की!’

तात्या बसला. मी रेडकू आणलं, लावलं, ओढलं. तात्यानं दोन्ही हातांनी सड धरले, ओढले, चोळले, मोरीच्या पायाला गोंजारलं, तिला आबांच्या सारखी शीळ घातली. किटलीत दोन थेंब पडले असतील. मोरी मान वळवून त्याच्याकडे बघत होती, परक्या माणसाकडे बघावं तसं. तात्याच्या मानेवरून घामाच्या धारा चालल्या होत्या. हलगी थांबली. मामा म्हणाला, ‘चोरतीया बघा. पान्हा चोरतीया, दुसरं काय न्हाय,’ पण त्याच्या आवाजात आता तो जोर राहिला नव्हता.

तेवढ्यात आई बाहेर आली. दोन महिने तिनं पुढच्या दाराचा उंबरा ओलांडला नव्हता. मळकं लुगडं, कपाळ पांढरं, केस विस्कटलेले, आणि गल्ली सगळी गुलालात न्हालेली. माणसं बाजूला सरली. ती बाजल्यासमोर उभी राहिली आणि पाव्हण्याला म्हणाली, ‘पावणं, ही म्हैस दूध देत न्हाय. मालक गेल्यापास्नं दिलंच न्हाय तिनं. तुम्ही फशी पडू नका.’

मामा ओरडला, ‘अक्के, काय बोलतीयास? सकाळी किटली—’

‘माझ्या नवऱ्याच्या हातानं बी हिनं कवा किटलीभर दिलं न्हाय, दादा. त्ये दूध हिचं न्हाय.’ मग ती तात्याकडे वळली. ‘भावजी, किती ओतत व्हता रोज?’

तात्या म्हशीखालून उठला नाही. मोरीच्या पोटाआडूनच म्हणाला, ‘मी कुटं? मी काय न्हाय ओतलं.’

‘भावजी.’

‘आता वैनी… माझ्या दोन म्हशी देतात मायंदाळ. निम्मी किटली म्हंजी काय तर हाय व्हय? पण भरली कशी त्ये मला ठावं न्हाय. मी निम्मीच ओतलीया, देवाशप्पत! सण हाय म्हणून आज वाईच जास्त.’

मग मागून बाबालालचाचा खाकरला. ‘दादू, तू बी?’ तो म्हणाला. ‘अरे मला वाटलं मी एकटाच हाय. तू गेलास की मी तांब्या घेऊन यायचो. आज पाडवा म्हणून दोन तांबे.’ आणि आंबूमावशीनं कपाळावर हात मारून घेतला. ‘मुडद्यांनो, मला सांगायचं तरी! मी शेणाच्या पाटीत लपवून आणत व्हते रोज. माझी एकच म्हैस, माझ्या नातवाला आज बासुंदीला दूध उरलं न्हाय!’

कुणी तरी हसलं. मग सगळी गल्ली हसली, तो उचगावचा पाव्हणा पोट धरून हसला, आणि तात्या मोरीखालीच बसून आपल्या पटक्याच्या शेवानं डोळे पुसत हसत होता. मी हसले नाही. पण माझ्या अंगावरचं घोंगडं कुठे तरी उसवलं असावं, कारण मला एकदम सगळ्यांचे आवाज स्वच्छ ऐकू यायला लागले. आमचा रतीब तुटला असता तर ती घरं ह्या तिघांकडेच जाणार होती, दुसरीकडे कुठे? आमच्या आटलेल्या म्हशीवर ह्यांचीच गिऱ्हाइकं वाढणार होती, आणि हीच माणसं एकमेकांपासून लपूनछपून आमची किटली भरत होती. माझ्यात जे काही बरं आहे असं लोक म्हणतात, ते सगळं मी त्या संध्याकाळी शिकले. पुढे माझा स्वतःचा गोठा झाला, आता पोरगा यंत्रानं धारा काढतो. गल्लीत कुणाकडे दुखवटा झाला, एखाद्याची म्हैस आटली, की दिवाळीत मीही किटली घेऊन जाते. फक्त मी आधी विचारून घेते, आणखी कोण कोण ओततंय ते.

पाव्हणा उठला. आईला हात जोडून म्हणाला, ‘बाई, म्हैस काय मला नगं. पर ही गल्ली इकायला काढलीसा तर पैला मला सांगा.’ आणि मामाच्या खांद्यावर हात टाकून त्याला मिरवणूक बघायला घेऊन गेला. मामा जाता जाता थांबला. ‘मग, अक्के?’ त्यानं विचारलं. एवढंच. आई म्हणाली, ‘उद्या भाऊबीजेला ओवाळते तुला. जेवून जा. आम्ही ऱ्हातो हितंच.’ मामानं मान हलवली, आणि ह्या वेळी ती होकाराची आहे हे सगळ्यांना कळलं.

मला वाटलं, आता आई आत जाईल. ती तात्याला म्हणाली, ‘उठा भावजी.’ तात्या उठला. मग ती मला म्हणाली, ‘शाले, बस खाली.’

मला कळेना. तात्यालाही कळलं नाही. ‘वैनी, पोरीची जात ती. कट्ट्यावर, चारचौघांत…’

‘मग जल्मभर वतणार हायसा काय तुम्ही?’ आई म्हणाली. दोन महिन्यांपूर्वीचा आवाज होता तो, गल्लीच्या त्या टोकाला जाणारा. ‘मोरी न्हाय देणार, मला बी ठावं हाय. ही आता नव्यानं व्याल्याबिगर द्यायची न्हाय. पर आतली गाभण हाय, ती व्याईल. तिच्या खाली बसायला घरातलं कोण तरी पायजे का नको? शिकवा तिला. ह्या म्हशीवर हात बसू दे.’

बाबालालचाचानं खाली पडलेली किटली उचलून माझ्या गुडघ्यांमध्ये ठेवली. मी उकिडवी बसले, आबा बसायचे तशी, आणि तात्यानं माझ्या मागे वाकून माझे अंगठे कुठे ठेवायचे ते दाखवलं. ‘दाबायचं, वढायचं न्हाय,’ तो म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज हळू आला. सड गार होते, पण मोरीचं पोट कढत होतं, मी कपाळ टेकवलं तिथे तिचं काळीज दडदडत होतं. मी दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. काही येत नव्हतं. मनगटाला रग लागली, मग कोपराला, मग खांद्याला, इतकी की डोळ्यांत पाणी आलं. आणि ते एकदा यायला लागलं ते थांबेना. मी रडत होते आणि दाबत होते. म्हशीच्या पोटाला तोंड लावून मी ‘आबा, आबा’ म्हणत होते, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या. मागे तात्याच्या म्हशीची घुंगरं हलली, कुठे एक मोटरसायकल फुरफुरत होती ती कुणी तरी बंद केली. दिवस मावळत आला होता, मिरवणुकीची वेळ टळून चालली होती, नटलेल्या म्हशी आणि माणसं गल्लीभर दोन्ही बाजूंनी उभी होती, आणि कुणीही मला ऊठ म्हणालं नाही.